मामांचा गणपती आणि दोनशे छप्पन्न वाट्या

वरसे, रोहा
रविवार, ७ जुलै १९९६

तीर्थस्वरूप पुंडलिकमामांस,
भाचा प्रविण याचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे, म्हणजे उद्या सकाळी दहापर्यंत तरी आहे. तुमची कंबर कशी आहे? बायजामामींनी पाठवलेले पोह्यांचे पापड एस.टी.ने पोचले. (वाटेत त्यांचे परत पोहे झाले, पण पोचले.)

पत्रास कारण तुमचा गणपती. आमच्या धाटावच्या कंपनीची गणपतीच्या मूर्तीची ऑर्डर हमरापुरात तुमच्या कारखान्याला मिळावी म्हणून मूर्तीचा फोटो साहेबांच्या नजरेस पडेल असा कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर लाव, असा तुमचा हुकूम होता. वर तंबी, की रंगात केसभर फरक पडला तर माझ्या दारात पाय ठेवू नको. मामा, त्या तंबीचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

त्याचं असं आहे. या मशीनला एका वेळी दोनशे छप्पन्नच रंग दाखवता येतात आणि पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या ते वाटून वापरतात. याला कलरमॅप म्हणतात. तुमच्या कारखान्यात चौघे रंगारी एकाच रांगेतल्या वाट्यांत ब्रश बुडवतात ना, तसंच. फक्त इथल्या रंगाऱ्याला एवढंच ठाऊक, की चित्रातल्या टाकीला बारा नंबरची वाटी लावायची. वाटीत कुठला रंग आहे हे तो बघत नाही. (तुमचा रघूही बघत नाही, पण त्याच्यावर निदान मामी ओरडतात.) पडद्यावर आमच्या प्लँटच्या टाक्यांचं चित्र असतं, त्याला वीसेक वाट्या पुरतात. तुमच्या एकट्या पीतांबराला साठ लागल्या. शहाण्या माणसाने जवळपासच्या रंगावर भागवलं असतं, पण मला केसभराची तंबी! म्हणून मी गणपतीच्या खिडकीला वाट्यांची वेगळी रांग मांडून दिली. आता माउसचा बाण गणपतीवर नेला, की मशीन जुनी रांग उचलून तुमची मांडतं: बाप्पा हुबेहूब आणि प्लँटच्या टाक्या वाटेल त्या रंगाच्या. बाण बाजूला घेतला, की टाक्या ठीक आणि बाप्पाचं तोंड निळं. दोन्ही एकदम ठीक का होत नाहीत, हे तुम्ही तरी विचारू नका. साहेबांनी चारदा विचारून झालंय.

‘बाण हलवू नये’ अशी चिठ्ठी मी चिकटवली होती. पण आमची माणसं भाविक. शुक्रवारी सकाळच्या शिफ्टला जनू ऑपरेटर आला, चपला काढल्या, बाण थेट बाप्पाच्या पायांवर नेला आणि डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडतो तर मोठी टाकी, जी थंड असताना हिरवी दिसते, ती लालभडक! “टाकी तापली रं, पला!” म्हणत त्याने प्लँट बंद केला, भोंगा वाजवला आणि अख्खी शिफ्ट गेटबाहेर काढली (स्वतः सर्वांत पुढे, अनवाणी). साहेब आत आले, माउसला धक्का लागला, टाकी हिरवी. जनू अजून छातीठोक सांगतोय, “लाल व्हती सायेब, बाप्पानंच दाखवली!”

जनूचं सगळ्यांनी कौतुक केलं. मेमो मला मिळाला: सोमवारी दहापर्यंत समाधानकारक खुलासा, नाहीतर राजीनामा. मी कलरमॅपवर चार पानं लिहून दिली. साहेबांनी समासात ‘कसल्या वाट्या?’ एवढंच लिहून परत केली. मामा, खरंच भीती वाटते. घरी दिपिकाला अजून काही सांगितलेलं नाही.

तुमचा आज्ञाधारक (हेच तर चुकलं),
प्रविण

ता. क. – खरी गोष्ट वर लिहायचा धीर झाला नाही. साहेब मेमो फाडायला तयार आहेत. ऑर्डरही तुम्हालाच, तीन फुटी मूर्तीची. अट एकच. त्या गोंधळात पडद्यावर जो गणपती दिसला, तो साहेबांच्या मनात भरलाय: निळं तोंड, पोपटी सोंड, गुलाबी पीतांबर. “अगदी हाच, केसभर फरक नको,” म्हणाले. जनू तुमच्या शेजारी पेणला सासुरवाडीला निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र देतोय. तो उद्या सकाळच्या शिफ्टला परततोय, होकारही त्याच्याच हाती पाठवा.

ता. क. २ – रंग डोळ्यांनी बघायला धाटावला आलात तर कृपा करून लांबूनच नमस्कार करा.