खिशातले दोन मास्क

प्रिय धाकट्या,

भांडून मामाकडे जाऊन बसलास, ठीक आहे. पण हे पत्र न वाचता फाडू नकोस. मी तुझ्यावर पाळत ठेवते हा तुझा आरोप मान्य. तूच ठेवायला लावलीस. जो मुलगा औषधाची वाफ घ्यायला रोज कुरकुर करायचा, तो अचानक न सांगता वाफ घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून लायब्ररीत जायला लागला, तर कुठल्या बहिणीचं डोकं ठिकाणावर राहील?

मग धुवायला टाकलेल्या तुझ्या पँटच्या खिशात दोन मास्क सापडले. एकाच्या नाड्या गाठी मारून आखूड केलेल्या. तुझं थोबाड एवढं नाजूक कधीच नव्हतं. दोन्ही खिशात, म्हणजे तोंडावर कुणाच्याच नव्हता. लगेच मला क्लिनिकमधली ती मुलगी आठवली. तुझ्यासारखाच सिस्टिक फायब्रोसिस असलेली, फुप्फुसं बदलून मिळायची वाट बघणारी. नर्स तुम्हाला कॉरिडॉरच्या दोन टोकांना बसवते ते उगाच नाही, एकाचा जंतू दुसऱ्याला लागतो. तुमच्या छातीतल्या चिकट कफात जंतू एकदा शिरला की मुक्कामच ठोकतो, विष सोडत राहतो आणि फुप्फुस आतून पोखरतो.

नंतर तुझ्या कफात नवा जंतू निघाला आणि माझी खात्रीच पटली. तिनेच दिला. मनातल्या मनात तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. दिसायला एवढी गरीब आणि माझ्या भावाच्या मुळावर उठली, असंच वाटायचं. म्हणून परवा तुझ्यावर तेवढी ओरडले.

काल डॉक्टरांकडे गेले, तिची तक्रार करायलाच. त्यांनी नाव घेतलं नाही, पण कुणाबद्दल बोलताहेत ते कळत होतं. तुझ्या कफाचे जपून ठेवलेले जुने नमुने त्यांनी पुन्हा तपासले. जंतू तुझ्यातच आधीपासून होता, तेव्हा हाती लागला नव्हता. दुसऱ्या पेशंटमध्ये तो आत्ता आलाय, हुबेहूब तोच. आणि हा जंतू असला की इथे फुप्फुसं बदलत नाहीत. मला तिथेच रडू फुटलं, तिच्यासाठी. तुला दोष द्यायला लिहीत नाही रे, तुला तरी कुठे माहीत होतं. पण शुक्रवारी ते त्या पेशंटला बोलावून सांगणार आहेत. तिला हे परक्या माणसाकडून कळू नये. तूच सांग. धावत भेटायला जावंसं वाटेल, तरी जाऊ नकोस. फोन कर.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई