उजेडाकडे धरून बघ

सातारा
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस, १९९७

प्रिय ज्ञानदा,
अनेक आशीर्वाद.

तुझे अण्णा गेल्यापासून देवांना नुसतं फूल-पाणी चाललंय. काल महाशिवरात्र, म्हणून अभिषेकपात्र काढलं, तर धारच पडेना. तळाच्या छिद्रात जुनं दूध वाळून घट्ट बसलेलं. परकरात होतीस तेव्हापासून ते काम तुझं. दर्भाची काडी घालायचीस, कढत पाणी ओतायचीस, आणि खिडकीशी जाऊन, उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून बघायचीस. अण्णा सोवळं नेसून पाटावर ताटकळलेले. "ज्ञानूताई, महादेवाला आज आंघोळ आहे की नाही?" तू म्हणायचीस, "थांबा, अजून आत काहीतरी दिसतंय."

मार्गशीर्षात वर्षश्राद्धाला आली नाहीस. ड्यूटी बदलून मिळाली नाही असं कार्ड आलं, मी ते खरं धरलं. पण गेल्या आठवड्यात तुमच्या सांगलीच्या ऑपरेशन थिएटरातल्या शालूबाई इथं लेकीकडे आल्या होत्या, त्या घरी येऊन गेल्या. चहाची बशी हातात धरून म्हणाल्या, "आवं वैनी, पोर लय वाळलीया. अण्णा गेल्यापास्नं थेटरात पाय ठेवत न्हाई, केसपेपरच्या खिडकीवर बसती. हात मातुर दिसभर धुती. सालटं निघाल्यात." तेव्हा आता लिहितेच.

अण्णांच्या पित्ताशयात खडे निघाले, दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं, तेव्हा तुझ्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं होतं. पोटात घालायच्या नळ्या आणि चिमटे पाकीटबंद मिळतात, एकदा वापरून टाकून द्यायचे, ते मागवू? की आमचे स्टीलचे चालतील, धुऊन औषधाच्या पाण्यात बुडवून आम्ही ते पुन्हा वापरतो? मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "हिला काय विचारता डॉक्टर, ही दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते!" सगळे हसले. मीही हसले. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "आई, पाकिटातल्यासुद्धा कित्येक ठिकाणी धुऊन दुसऱ्याला वापरतात, आणि त्या उघडून आतून घासता येत नाहीत. स्टीलची नळी सुटी होते. मी स्वतः धुते." मग मी स्टील म्हटलं. स्वस्त पडत होतं हेही होतंच, खोटं कशाला लिहू. पण नुसतं स्वस्त असतं तर मी अण्णांसाठी हो म्हटलं नसतं. खिडकीशी उभी राहणारी तू माझ्या डोळ्यांसमोर होतीस.

पुढचं तुला ठाऊक आहे. ताप उतरेना, पोटात पू झाला. शेवटच्या दिवशी तू त्यांच्या पायाशी उभी होतीस, हात पाठीमागे धरून. त्यांनी पाणी मागितलं तर तू मला खूण केलीस, स्वतः दिलं नाहीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं गं.

मग सुतकाच्या दिवसांत मधुभाऊजी भरल्या घरात म्हणाले, "वहिनींनी इथंही पिशवीच धुतली." मी खाली मान घालून ऐकून घेतलं. म्हटलं, ठपका माझ्यावर बसतोय तोवर बसू दे. तू आत पोळ्या लाटत होतीस. तुझं लाटणं थांबलं, ते मला ऐकू आलं.

तुझ्या मोठ्या डॉक्टरांना मी एकटी जाऊन विचारून आले. पित्ताशय आधीच आतून सडलेलं होतं, साखर वाढलेली. इन्फेक्शन नळीतून गेलं की तिथंच होतं, हे कुणालाही सांगता येणार नाही म्हणाले. मलाही येणार नाही. तुझी काही चूक नव्हती असं लिहिलं तर म्हणशील, आई समजूत घालते. म्हणून लिहीत नाही. देवापुढे बसते, विचारते, निरांजन विझलं की उठते. हिशेबाच्या वहीत त्या महिन्याचं पान मी कोरं सोडलंय. अण्णांची रिकामी खुर्ची बघते आणि मग तुझे ते पाठीमागे धरलेले हात आठवतात. एकाच ऑपरेशनात दोघं गेल्यासारखं झालंय.

आता ज्यासाठी पत्र, ते. दिवाळीपासून माझ्या उजव्या कुशीत दुखतं. इथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. मलाही खडेच आहेत. घाबरू नकोस, साखर नाही, खडे बारीक आहेत. त्यांनीही तेच विचारलं, आणि नवं पाकीटच घ्या म्हणून आग्रह केला. मी म्हटलं, मी सांगलीला करते, स्टीलच्या नळ्यांनी. गुरुवारी कराडवरून येणाऱ्या गाडीनं पोचते. पिशवीत अभिषेकपात्र आणतेय. आधी ते साफ करून दे, माझ्या डोळ्यांना छिद्र दिसत नाही. मग थिएटरात जा आणि माझ्या नळ्या तू धू. उजेडाकडे धरून बघ. अजून आत काही दिसतंय म्हणालीस, तर मी बाहेर बाकावर बसून राहीन, अण्णा पाटावर बसायचे तशी. मला घाई नाही. दुसऱ्या कुणाच्या हातचं मला नको.

तुझीच,
आई