अक्काच्या डोळ्यांपुरती भिंत

आई,

घरात मीठ किती सांडलंय हे तू पाहिलं असतंस, तर मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नसतंस. टेबलावर, फरशीवर, माझ्या पदरात, सगळीकडे जाड्या मिठाचे खडे. सत्तरी गाठलेली बाई मी, आणि चहा व्हायच्या आत कागद भिजवते, त्यावर पातळ रंग सोडते आणि वरून चिमटीनं मीठ टाकते. ओल्या रंगावर पडलं की मीठ आजूबाजूचं पाणी ओढून घेतं. वाळल्यावर झटकलं की खाली बारीक पांढरट चांदण्या उरतात, जुन्या भिंतीचा पोपडा उडावा तशा. हे मला कुणी शिकवलेलं नाही. शिवणयंत्र बंद केलं आणि हात मोकळे राहिले तर करमेना, म्हणून मोबाईलवर कुणाकुणाचं बघत, आपलंच चुकत शिकले. कंगव्यानं रंग ओरबाडायचा, जुन्या दातांच्या ब्रशानं शिंतोडे उडवायचे, मेणबत्ती घासून ठेवली की तिथं रंग धरत नाही. ब्लाउजपीसच्या चिंध्या तर घरात पोत्यानं. त्यांचा बोळा करून टिपलं की मातीसारखं खरखरीत उमटतं.

गंमत म्हणून चाललं होतं तोवर ठीक होतं. आता तसं राहिलं नाही.

अक्का, तुझी थोरली, इथं शहरात, सावेडीत माझ्याकडे राहायला आलीय, तीन महिने झाले. चौऱ्यांऐंशी वर्षांची आहे, काठी टेकत का होईना स्वतःची स्वतः उठते, पण डोळे चाललेत. काचबिंदू. उजवा कधीच गेला. डाव्यानं दिसतं ते बांगडीतून बघावं तेवढं, आणि ती बांगडीही आक्रसतेय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांनी टिकेल तेवढं टिकवायचं. म्हणून मी दिवसातून तीनदा गजर लावून तिच्या डोळ्यात औषध घालते. ती म्हणते, "धाकले, कोंबडीला पाजतात तसं पाजतीस गं मला."

आली त्याच आठवड्यात तिनं माझे रंग पाहिले. कागद नाकाशी धरून म्हणाली, "हे काय, पोरींवानी रंग खेळतीस व्हय?" मी हसले. ती हसली नाही. जरा वेळानं म्हणाली, "मंग मला आईची चुलीमागची भिंत काढून दे. दिसतंय तवर बघून घेते."

आई, त्या भिंतीचा एक फोटो नाही. त्या काळी अकोले तालुक्यातल्या त्या डोंगरात आपला फोटो काढायला कोण येणार, आणि आलं तरी चुलीमागची भिंत कोण काढणार. घर पाडून माझ्या भाच्यानं तिथं स्लॅबचं घर बांधलं त्यालाही आता पंधरा-वीस वर्षं झाली असतील. मला वाटलं, त्यात काय, मी रोज त्याच भिंतीपाशी बसून जेवले आहे. शेणामातीचा रंग कालवला, कंगव्यानं तुझ्या सारवणाच्या हाताच्या कमानी काढल्या, वरच्या अंगाला धुराचा काळा हात फिरवला. माझ्या तर डोळ्यात पाणीच आलं. अक्कानं कागद डोळ्याला लावला, इकडून तिकडं सरकवत तुकड्यातुकड्यानं बघितला, आणि खाली ठेवला.

"ही कुनाची भिंत?"

"आईची."

"न्हाई. आईची भिंत तांबडी हुती. कंबरेपातुर गेरू, वर पांढरी माती. लई झ्याक दिसायची."

"अगं अक्का, मी तिथं चौदा-पंधरा वर्षं जेवले. गेरू कधी नव्हता."

"तू जेवलीस ती नंतरची. माझं लगीन झालं तवा तू रांगत हुतीस." मग तिनं बोटं एकमेकांवर घासली, जणू अजून काही लागलंय. "वढ्याच्या दरडीतनं गेरूची ढेकळं मीच आनायची. मी कुटायची, आई लावायची."

ती सासरी गेल्यावर गेरू आणायला कुणी उरलं नाही, की तुलाच लावावासा वाटला नाही? मी तर तुझी ती शेणकुटाच्या रंगाची भिंतच पहिल्यापासूनची धरून चालले होते. म्हणजे मला जी काढायची आहे ती भिंत मी पाहिलेलीच नाही.

तेव्हापासून झोपेतसुद्धा रंगच कालवते. चित्र वाईट झालं तर फाडून टाकता येतं, त्याचं मला काही नाही. पण अक्काच्या डोळ्याला उद्या-परवा अंधार येईल, आणि मग तिच्यापाशी उरेल ती मी दाखवलेली भिंत. मी चुकीची दाखवली तर तुझी खरी भिंत माझ्या भिंतीखाली लिंपली जाईल. चौदा कागद झाले. एकात मीठ लवकर टाकलं, ते विरघळून गेलं आणि नुसता चिखल उरला. एकात उशीर झाला, रंग वाळला होता, मीठ नुसतंच बसून राहिलं पाहुण्यासारखं. कागदावरची ओली चमक मावळत असते, पण हात लावला तर अजून गार लागतो, तेवढ्याच घटकेत ते टाकावं लागतं. तू सारवताना म्हणायचीस, "पानी जिरू दे, मंग हात फिरव, न्हाईतर ओरबाडं पडतात." तेव्हा मी कान दिला असता तर निम्मे कागद वाचले असते.

आणि दर वेळी चिमूट उचलली की तो दिवस समोर येतो. मी सहा-सात वर्षांची असेन. तू भाकरी थापते आहेस, मला मिठाचं मडकं पुढं सरकवायला सांगतेस, आणि माझ्या हातून ते कलंडतं. सारवलेल्या जमिनीवर मीठच मीठ. तू मारत नाहीस. परातीतला हात तसाच ठेवून म्हणतेस, "येच. एकूनएक खडा येच. हितं न्हाई येचलास तर वर गेल्यावर पापन्यांनी येचावं लागंल." मी बोट थुंकीनं ओलं करून एकेक खडा उचलते. तुझ्या भाकरी संपतात, चूल विझते, मी वेचतेच आहे. शेवटी तूच खाली बसतेस आणि उरलेलं माझ्याबरोबर वेचू लागतेस. पापण्यांची भीती मला म्हातारपणापर्यंत पुरली. परवा अक्काला म्हटलं, आता माझी काही सुटका नाही, एवढं सांडलंय. ती म्हणाली, "तुज्या पापन्या चांगल्या हायेत अजून. माझ्या वाटनीचंबी येच."

मागच्या महिन्यात एका गुरुवारी पंधरावा कागद घेतला. खाली गेरू, वर मातीचा पांढुरका हात. ट्यूबवर त्या तांबड्याचं नाव इंग्रजीत काहीतरी आहे, मी त्याला गेरूच म्हणते. चमक मावळताना मीठ टाकलं, बेतानं, पोपडे हवेत तिथंच. सगळं मनासारखं बसत होतं आणि गजर झाला. औषधासाठी हात धुतले, घाईत पुसलेच नाहीत, आणि बाटली घ्यायला टेबलावरून हात नेला तर बोटांवरचं पाणी टपटप कागदावर. अर्ध्या वाळलेल्या रंगात पाणी पडलं की ते रंगाला ढकलत जातं आणि कडेला दातेरी डाग धरतो. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. मी टिपायला चिंधी उचलली, तेवढ्यात आतून अक्का, "धाकले, डोळा उघडा धरून बसलीया मी हितं." गेले. थेंब घातले, दहा मिनिटं तिच्यापाशी बसले. परत आले तर डाग पसरून, वाळून, कायमचा झाला होता. गेरूच्या पट्टीत, उजव्या कोपऱ्यात, बोटभर.

मला रडूच कोसळलं असतं. तो कागद मी तिला दाखवणारही नव्हते. पण ती काठी टेकत बाहेर आली, खुर्चीत बसली आणि समोरचाच कागद उचलला. डाव्या डोळ्यापाशी धरून सावकाश सरकवत गेली. पोपड्यांवरून, गेरूवरून, कोपऱ्यापर्यंत. तिथं थांबली.

"रांजनाची वल," ती म्हणाली. "हितंच पाझरायचा रांजन. आगं हीच की."

मी तिच्या खुर्चीपाशी खाली बसले.

"तू पोटात हुतीस तवा उन्हाळा लई कडक हुता. आई त्या वलीला पाठ लावून बसायची. म्हनायची, माझ्यापरीस आतल्याला बरं वाटतंय." तिनं अंगठा त्या डागावर ठेवला. मग माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या चाहुलीच्या दिशेला. "पर तुला कसं ठावं? तू तर पोटात हुतीस."

आई, तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. माझा हात ओला होता, एवढंच. पण तिचा चेहरा असा उजळला होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "आईनं सांगितलं होतं."

तू मला असं काहीच सांगितलं नव्हतंस. अक्का सासरी गेल्यावर तू बोलायचीसच कमी. गेरूचं नाही, रांजणाचं नाही, माझ्या आधीच्या दिवसांतलं काहीच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. आता कागद अक्काच्या उशापाशी असतो. बांगडीची अंगठी झालीय, तरी ती रोज उजेडाला धरून तो कोपरा शोधते, आणि रोज विचारते, "आनिक काय सांगत हुती आई?" एकदा नाही म्हणून बघितलं. ती इतकी हिरमुसली की संध्याकाळचं जेवली नाही. म्हणून मी सांगत सुटलेय. पहिल्यांदा लहानसं, मग जरा मोठं. काल सांगितलं की ती सासरी गेल्यावर तू कितीतरी दिवस चुलीपाशी बसून तिच्या नावानं रडायचीस. ती म्हणाली, "मला वाटायचं, तिला सुटल्यासारखं झालं आसंल."

तू रडायचीस का, मला माहीत नाही. मी रांगत होते.

हे सगळं मी एका बिघडलेल्या कागदाच्या पाठीवर लिहिलंय. अक्काला आता अक्षरं लागत नाहीत, टेबलावर उघडा पडला तरी काही बिघडायचं नाही. तरी मी त्याची घडी करून शिवणयंत्राच्या खणात, तिचा हात जाणार नाही अशा जागी, ठेवते आहे.