थोडी पांढरी

बुलढाणा,
ता. १२ फेब्रुवारी १९४१

ती. स्व. अन्नपूर्णाआत्यास,

कोकिळाचा नमस्कार. मी बरी आहे. तुझ्या गुडघ्याचं रुखमाबाईंकडून कळलं. हे पत्र किसनदादा तुला वाचून दाखवील, हे धरूनच लिहिते आहे. त्याने मधलं काही गाळू नये.

शाळेत मुलींना शास्त्र शिकवते. मागे बाग आहे, माती आपल्याकडचीच, काळी. शेतात इतकी चांगली असलेली ही माती कुंडीत का बिघडते, हे मला पाहायचं होतं. पाणी घातलं की ती मेणासारखी घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसून कुंडीची कड सोडते. मग पुढचं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

म्हणून बागेतल्याच मातीची कुंडीजोगी माती करायला घेतली. ढेकळं फोडली, चाळली, हुमणीच्या अळ्या मराव्यात म्हणून घमेल्यात भाजली. शाळेतली गीताबाई झाडू टेकवून बघत होती. "बाई, भाजून राह्यल्या त फोडणीबी द्या," म्हणाली. दोन भाग माती, एक भाग नाल्याची रेती, एक भाग कुजलेलं शेणखत. ओली मूठ दाबून बोटाने टोचली की फुटली पाहिजे. फुटली.

तरी मी तुला विचारलं. तुझ्या शेजारच्या रुखमाबाई रविवारी इथल्या बाजाराला वांगी घेऊन येतात, त्यांच्याकडून. आपलं बोलणं बंद असताना मी का विचारलं, याचं त्यांना नवल वाटलं असेल. पुढच्या बाजारी त्यांनी तुझा निरोप आणला. "थोडी पांढरी टाक." तीन शब्द.

बाबांच्या बदल्यांमुळे मी तुझ्याकडे, धाड गावी, फक्त उन्हाळ्यापुरती राहिलेली. पांढरी म्हटल्यावर मला तू भिंतीला पोतेऱ्याने देतेस ती माती आठवली. ती विकत आणली, कुटली, मिसळली. महिन्याभरात रोपांची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. शाळेत आम्ल नाही, म्हणून बाजारचं लिंबू त्या मातीवर पिळून पाहिलं. फसफसली. म्हणजे चुना. आपल्या काळीत तो मुळातच असतो, त्यात मी आणखी घातला होता. अशाने रोपाला मातीतलं लोह घेता येत नाही. एकामागून एक रोपं गेली. एक राहिलं.

तू मुद्दाम सांगितलंस, असं मला वाटलं. फार वेळ नाही, पण वाटलं.

गेल्या रविवारी रुखमाबाईंना कुंडी दाखवली तर त्या खालीच बसल्या हसत. "अवं बाई, भिंतीची कायले टाकली? पांढरी म्हंजे जुन्या गावठानाची. पेरलं थे काळी, मानसं राह्यली थे पांढरी."

पडलेल्या घरांची माती, चुलींची राख, गोठ्यांचं शेण, सगळं एकात एक मुरलेलं. तेव्हापासून त्यात काय काय असेल याचाच विचार करते आहे. राखेमुळे झाडाला पोसणारं पुष्कळ असावं. पण चुनाही असेल. तेव्हा तुझा सल्ला बरोबर होता की नाही, हे मला अजून माहीत नाही. माहीत करून घ्यायचं आहे.

रुखमाबाईंनी आणखी एक सांगितलं, की तुझ्या अंगणातलं लिंबाचं झाड वाळून गेलं.

कुंडीतलं रोप कुठून आलं ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. नागपूरला शिकायला निघाले त्या सकाळी तू माझ्याशी बोलली नाहीस. किसनदादाला मी लहानपणापासून दादा म्हणते, एवढंच माझं म्हणणं होतं. आदल्या दिवशी तू विचारलं होतंस, "भावाची पोर सून केली त पाप हाय काय?" मग चुलीकडे वळलीस ती वळलीसच. वसतिगृहात गाठोडं सोडलं, तर भाकरींच्या खाली अंगणातली लिंबं निघाली. लिंबाच्या बिया वाळल्या की उगवत नाहीत. मी त्या वाळू दिल्या नाहीत. त्याच दिवशी डब्यात पेरल्या, आणि नोकरीला इथे आले तेव्हा ती रोपं बरोबर आणली.

म्हणजे उरलेलं रोप तुझ्या झाडाचं आहे. मुळं धुऊन ते पहिल्या मिश्रणात लावलं आहे. शेंड्याला एक पान हिरवं फुटलं आहे. पण त्याला फार काळ कुंडीत ठेवता येणार नाही.

पांढरीचा नमुना मला हवा आहे. रुखमाबाई पाटीभर आणायला तयार आहेत, पण नमुना दुसऱ्याच्या हातचा चालत नाही. कुठल्या जागेचा, किती खोलीचा, हे घेणाऱ्याने स्वतः पाहावं लागतं. त्यासाठी धाडला मलाच यावं लागेल. येताना रोप बरोबर आणू का, एवढं रुखमाबाईंपाशी कळव. हो किंवा नको. या शब्दांचा मी दुसरा अर्थ लावणार नाही.

तुझी भाचीच,
कोकी