सायाबाईचा गोळ्यांचा डबा

९ डिसें. ८७
ट्रेनिंगचा पाचवा दिवस. शिकवणारी नर्स मी, शिकणाऱ्या गावोगावच्या सहा बाया, पाच अंगठेवाल्या. खोकणाऱ्या पोराची छाती उघडी करायची, वाळूच्या घड्याळाच्या एका मिनिटात दम मोजायचे, पन्नासावर गेले की न्युमोनिया, प्रत्येकीला दिलेल्या डब्यातली गोळी सुरू. सायाबाई मोजते धानाच्या पायल्यांसारखी. पहिल्याला 'एक' नाहीच. लाभ, दोन, तीन. वीस झाले की एक बोट दुमडायचं, पुन्हा लाभ. मी म्हटलं, आजारात कसला आलाय लाभ? एक म्हणा. मोठी शहाणी मी.

१४ डिसें.
सायाबाईच्या गावी देखरेखीला. चार महिन्यांचं पोर, खोकला. सकाळी तिने मोजून घरी पाठवलेलं: "दोन इसा न सहा. बरा हाये." म्हणजे सेहेचाळीस. मी मोजले, चौपन्न.
"दर इसाले एक म्हनू का लाभ, तिथीच अडकते बाई. तवर दम निसटते."
चूक तिची नाही, माझी. लाभच म्हणा म्हटलं. पुन्हा मोजले तिने. बरोब्बर चौपन्न. गोळी आईच्या दुधात चुरून तिनेच पाजली. रिपोर्टात चूक माझ्या नावावर लिहिली.

१९ डिसें.
पाच दिवसांच्या गोळ्या पुऱ्या. पोर दुधावर तुटून पडतंय.
तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट वाचला. "धान मोजणाऱ्या बायांच्या हाती औषध? सायाबाईचा डबा जमा करा."
चूक माझी, खाली लिहिलंय, म्हटलं.
"मोजण्यात चुकली ती बाईच ना?"
दवाखाना अठरा किलोमीटर, बस एक, आणि तुम्ही तिथे फक्त मंगळवारी. तोवर पोराने दम धरून बसायचं का, असं विचारलं. साहेबांनी चहा मागवला, स्वतःपुरता.

२३ डिसें.
लेखी आदेश. डबा आणा, नाहीतर बदली. रडले. रागानेच, पण रडले.

२६ डिसें.
गेले. आणायला नव्हे, सांगायला. सायाबाई खळ्यावर धान उफणत होती. आदेश वाचून दाखवला. सूप खाली ठेवलं नाही तिने.
"डबा मायाकडं नाई."
मग?
"गावात हाये. आज या घरी, उद्या त्या घरी. पोर खोकलं का मले बलावते, डबा तिथी येते."
आज कोणाकडे?
"तुमाले काऊन सांगू? साहेब तुमालेच इचारन. तुमाले खोटं बोलता येत नाई."
राग आला क्षणभर, मग हसू. बरोबर ओळखलंय मला.
परत येऊन लिहिलं: 'डबा मिळाला नाही.' अक्षर न् अक्षर खरं.

२७ डिसें.
निरोप आला. उद्या साहेब स्वतः जीप घेऊन गावात जाणार, मी सोबत. भीती वाटते, नाही कशाला म्हणू. बदलीची पेटी भरून ठेवलीय.
चाळीस घरं आहेत. घ्या म्हणावं झडती.