पाणी गोड झालं

सोमवार, १२ मे १९८६. दिवेलागण.

तीन दिवस पंप लावून गावाची विहीर उपसली. आज तळ दिसला तेव्हा टाळ्या वाजल्या. संध्याकाळी झरे सुटले, आणि पुन्हा तोच गोडसर वास.

चंद्रपूरहून पाणी तपासायला आलेला साहेब म्हणाला, "गुरुजी, गावाजवळच्या कारखान्यात ज्यानं मशिनींचं ग्रीस धुतात, ते औषध जमिनीत मुरून राह्यलं. विहीर उपसाल. जमीन कशी उपसाल?"

गोडसर. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शांताबाई म्हणाल्या होत्या, "गुरुजी, पाण्याले कायचा तरी वास येते." माझं बालपण खाऱ्या पाण्याच्या गावातलं. मी हसून म्हणालो, "बाई, पाणी गोड झालं. नशीब समजा, प्या!" वर झऱ्याची कविताही म्हणून दाखवली, वर्गात शिकवायचो ती. गोड म्हणजे चांगलं, याखेरीज दुसरं काही मला सुचलंच कसं नाही?

आज बाई दवाखान्यातून परतल्या. डोळे अजून पिवळेच. विहिरीवर मला पाहून म्हणाल्या, "मंग गुरुजी, आता कोनती कविता?"

चेष्टाच केली त्यांनी. पण मला एकही ओळ आठवली नाही.

"नोका भरू, बाई," एवढंच म्हणालो.

"मंग कुठचं भरू?" म्हणाल्या, आणि घागर विहिरीत सोडली.