खांद्यावरचा हात

आई, गुडगावच्या माझ्या ऑफिसात आम्ही मोठ्या लोकांची सोशल मीडियावरची खाती सांभाळतो. यंदा महिला दिनाला एका नटीच्या नावाने पोस्ट टाकायची होती, कारखान्यात पहिल्यांदा सुपरवायझर झालेल्या बाईवर. मी तुझा फोटो दिला. फरीदाबादच्या कारखान्यात परदेशी भागीदार आले तेव्हा गेटपाशी काढलेला. त्यात तुझ्या शेजारी तुझ्याबरोबर लाइनवर काम करणाऱ्या एक आंटी होत्या, पण चौकटीत एकच बाई हवी होती, म्हणून मी त्यांना फोटोतून पुसून टाकलं. मग ऑफिसातल्या एकाने एआय वापरून तो फोटो हलता केला. तू मान वर केलीस आणि दात दाखवून हसलीस. सगळे टाळ्या वाजवत होते. तू अशी कधी हसलीच नाहीस. खाली मी नटीच्या वतीने लिहिलं, 'माझी प्रेरणा.'

दुपारी एका बाईची कमेंट आली. 'मैडम, इनके कंधे पर हाथ किसका है?' मी फोटो मोठा करून पाहिला. आंटी गेल्या होत्या, हात राहिला होता. चार बोटं, एक काचेची बांगडी, मागे कोणी नाही. आणि ती बोटं हळूच तुझा खांदा दाबत होती. थोड्या वेळाने तिनेच लिहिलं, 'ये चूड़ी मेरी माँ की है।'

मी नऊ वर्षांची आहे, तू पोळ्या लाटतेयस. पुरुषांइतकाच पगार बायकांना द्या, असं आंटींनी साहेबांना तोंडावर सांगितलं होतं. मीही सोबत आहे, असं तू त्यांना म्हणाली होतीस. आठवड्याभरात त्यांना काढलं आणि तुला सुपरवायझर केलं. आता त्या जाळीच्या दाराबाहेर उभ्या आहेत. "बहन, बस एक बार कह दे कि तू भी साथ थी." तू गॅस बंद करतेस आणि पिठाचा हात माझ्या तोंडावर दाबतेस. "श्श. आपण घरी नाही." पंखा चालू आहे, दिवा चालू आहे. जाळीतून त्या आपल्या दोघींकडे बघतायत.

बॉसने विचारलं, "कौन है ये?" मी म्हटलं, "पता नहीं यार, कोई ट्रोल होगी," आणि तिच्या दोन्ही कमेंट काढून टाकल्या. पोस्ट अजून तशीच आहे.

हे कुठे पाठवायचं नाहीच. पण खरं सांगते, त्या कमेंट काढल्या तेव्हा मला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी तुलाही तसंच वाटलं होतं का, एवढंच विचारायचं होतं.